हरलेल्याचा फलक आधी

आमच्या जावयांना गावात फूटपट्टी म्हणतात. हे नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं, पण ते आता कुणाला आठवत नाही आणि मीही आठवण करून देणार नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर माझं शिवणाचं दुकान आहे. आता गल्ल्यावर लेक बसते, मशीनवरचा हक्क मात्र मी सोडलेला नाही. लग्नाआधी लेक एक दिवस म्हणाली, "आई, एक जण तुला भेटायला येणार आहे. बघून घे." मी म्हटलं, दुकानातच बोलाव. माणूस बघायचा तर भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत बघावा. घरी पाहुणा म्हणून आलेला कुठलाही माणूस शहाणाच दिसतो.

तर हा माणूस आला आणि दारातच थबकला. (तेव्हा जावई नव्हते, म्हणून 'हा' म्हणते.) मान वर करून माझ्या पाटीकडे बघत राहिला. मला वाटलं, वाचतोय.

"वाचता येतं ना?" मी विचारलं.

"येतं," तो म्हणाला. "पाटी नियमापेक्षा वीतभर पुढे आली आहे. उंच माणसाचं डोकं लागेल."

लेकीनं कपाळाला हात लावला. मी हातातली कात्री खाली ठेवली. "मुलगी बघायला आलात की पाटी?"

"मुलीसाठीच आलो होतो. पाटी मध्ये आली."

एवढं बोलून त्यानं चहा घेतला, कप जागेवर ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची नोटीस आली. मी ती वाचून भडकले, लेकीला वाट्टेल तसं बोलले, म्हटलं, असली फूटपट्टी घरात आणलीस तर मी जेवायलाही मोजून बसायचं का? संध्याकाळी तोच माणूस शिडी आणि पान्हा घेऊन हजर. शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाटीचे बोल्ट सोडले, पाटी मागे सरकवली, पुन्हा आवळली. मी विचारलं, नोटीसही तुम्हीच द्यायची आणि कामही तुम्हीच करायचं, हा काय प्रकार? तर म्हणाले, "नोटीस नोकरीची. पान्हा माझा." त्या दिवसापासून मी त्यांना 'अहो' म्हणायला लागले. लेकीला होकार नंतर दिला, जरा ताणून. आता आम्ही तिघं एकाच घरात राहतो.

ते नगरपालिकेच्या फलक खात्यात आहेत. खातं म्हणजे एक खोली, एक शिडी आणि हे. एरवी वर्षभर दुकानांच्या पाट्या बघतात. निवडणूक आली की मात्र त्यांना जेवायची फुरसत नसते. नियम मला ऐकून ऐकून पाठ झालेत. जाहीर झालेल्या दिवसाआधी एकही फलक नको. झाडाला खिळा नको, विजेच्या खांबाला दोरी नको. शाळेच्या भिंतीवर नको, दवाखान्याच्या नको, मतदान केंद्राच्या आसपास तर नावसुद्धा नको. कुणाच्या घरावर लावायचा तर घरमालकाची सही हवी. वळणावर गाडीवाल्याची नजर अडेल असा नको, आणि ठरलेल्या मापापेक्षा मोठा तर कुठेच नको. एवढ्या सगळ्या 'नको'तून जी काय जागा उरेल तिथं लोकशाही लावायची.

मी एकदा चिडवलं, "एक बोटभर मोठा झाला तर सरकार पडतं का हो?"

त्यांना थट्टा कळत नाही. हा त्यांचा मोठा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "आई, माप नसतं तर ज्याच्याकडे जास्त पैसा त्याचंच तोंड मोठं दिसलं असतं. माप सारखं असलं की तोंडं सारखी दिसतात." मग पुन्हा जेवायला लागले. मी शिवणकाम करणारी बाई, मापातलं मला कळतं. 

पण मला सांगायचंय ते मापाचं नाही. निकालानंतरचं आहे.

निकाल लागला की ठरलेल्या मुदतीत ज्याचे त्यानं फलक उतरवायचे, असा नियम. पाळतो कोण? जिंकलेले मिरवणुकीत आणि हरलेले अंथरुणात. मग फलक राहतात टांगलेले. वाऱ्यानं फाटतात, पोरं त्यांना मिश्या काढतात. मुदत संपली की आमचे जावई शिडी घेऊन निघायचे आणि रस्त्याच्या एका टोकापासून सरळ उतरवत जायचे. पहिल्या निवडणुकीत त्यांनी असंच केलं. दुसऱ्या वेळी मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त गणिताचे शिक्षक. हरले, आणि असे हरले की त्यांच्या वर्गातल्या पोरांनी जरी मतं दिली असती तरी जास्त झाली असती. त्यानंतर मास्तर घराबाहेर पडेनात. दूधही शेजारीण आणून द्यायची. कारण काय, तर त्यांच्या दारासमोरच त्यांचाच फलक लटकत होता, हात जोडून हसणारा.

जावयांनी ते बघितलं. मुदत संपायची वाट बघितली नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ता जागा व्हायच्या आत, मास्तरांचे सगळे फलक उतरवले. घड्या घातल्या, चेहरा आतल्या बाजूनं. आणि ते गाडीत न फेकता हातात घेऊन मास्तरांच्या दारात गेले. "तुमचे फलक," म्हणाले. मास्तरांनी आत बोलावलं. हे गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्यानंच पाणी प्यायले आणि परत आले.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला, जो कुठल्याही पुस्तकात नाही. हरलेल्याचा फलक आधी. जिंकलेल्याचा मागाहून, मुदत संपल्यावर. "जिंकलेल्या माणसाला आपला फलक बघायला आवडतं, राहू दे बिचाऱ्याचा चार दिवस," म्हणतात. "हरलेल्याला रस्त्यावर टांगून ठेवायचं नसतं."

मी विचारलं, "आणि आत का बसत नाही हो? लोक एवढं बोलावतात."

"हरलेल्या घरात बाहेरच्यानं बसू नये, आई. त्यांना रडायचं असतं."

आता सांगा, ज्याला थट्टा कळत नाही त्याला हे कसं कळतं?

सगळ्यांनाच ते गोड वाटलं असं नाही. बेकरीवाली हरली तेव्हा तिनं ह्यांच्या हातात पावाची पिशवी कोंबली आणि दार लावून घेतलं. टॅक्सीवाला हरला तेव्हा त्यानं ह्यांनाच शिव्या घातल्या, माझी चेष्टा करायला आलास का म्हणून दार तोंडावर आपटलं.  ह्यांनी गठ्ठा पायरीवर ठेवला, वाऱ्यानं उघडू नये म्हणून वर वीट ठेवली, आणि आले. घरी सांगितलं तेसुद्धा विटेचं सांगितलं, शिव्यांचं नाही. शिव्या मला भाजीवाल्याकडून कळल्या.

असा हा माणूस. काळ्या दगडावरची रेघ. आणि अशा माणसाच्या बायकोनं, म्हणजे माझ्या लेकीनं, गेल्या वेळी ठरवलं की आपण निवडणुकीला उभं राहायचं.

कारण दवाखाना. आमच्या भागातला नगरपालिकेचा दवाखाना उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि इथं गाड्या लावायची जागा करायची, असं घाटत होतं. माझ्या गुडघ्यांना विचारा, दुसरं टोक किती लांब आहे ते. रोज सकाळी तिथं साखर तपासायला, पट्टी बदलायला येणारी म्हातारी माणसं दुकानासमोरून जातात. लेक त्यांना रोज बघायची. अर्ज करून झाले, भेटी झाल्या. त्यात गावातले एक ठेकेदार उभे राहणार होते, आणि गाड्यांच्या जागेचं काम त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. शेवटी लेक म्हणाली, "आई, दुसरं कुणी उभं राहत नाही. मी राहते. हरले तर दवाखाना जाईल. उभी राहिले नाही तर नक्की जाईल."

जावयांनी ऐकलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन म्हणाले, माझी बायको उभी आहे, आमच्या भागाचं काम दुसऱ्याला द्या. साहेब म्हणाले, दुसरा आणू कुठून, खात्यात तुम्ही एकटेच. सगळ्यांसमोर मोजा, मोठ्यानं मोजा, म्हणजे झालं.

फलकाचं कापड मी घेतलं. बाजारातला छापील फलक आणायचा नाही असं मीच ठरवलं. चांगलं जाड, पांढरं कापड, चारी बाजूंनी दुहेरी टीप, कोपऱ्यांना कड्या; उरलेल्या कापडाचे गल्लीसाठी छोटे फलक. शेजारच्या रंगाऱ्यानं अक्षरं काढली, दवाखान्याची पायरी काढली, आणि पायरीवर माझी लेक. सभोवती कोरी किनार सोडली होती, शोभेसाठी. नियमाचं माप मला पाठ होतं. माझ्या मोजपट्टीनं मी एकदा नाही, तीनदा मोजलं. शिवणकामात माझा हात कुणी धरत नाही. अख्ख्या गावात विचारा, माझ्या हातचा कपडा आजवर कुणाला तंग झालेला नाही.

जाहीर झालेल्या दिवशी सकाळी आमच्याच दुकानावर फलक चढवला. चौकातून चारी रस्त्यांवरून दिसायचा. लेक रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. माझेही, पण मी शिंक आल्याचं दाखवलं.

तेवढ्यात जावई आले. एका बाजूला ठेकेदार आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला आमची. येताना त्यांनी ठेकेदारांचे झाडांना ठोकलेले सगळे फलक काढून आणले होते, खिळे डब्यात वाजत होते. त्यामुळे ठेकेदारांचं तोंड आधीच वाकडं. जावयांनी शिडी लावली, पोलादी टेप काढली, आणि मोठ्यानं माप वाचलं.

पहिल्यांदा मला वाटलं, चुकले. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा वाचलं. फलक चार बोटं मोठा होता.

ठेकेदार असे हसले की चौकातली कबुतरं उडाली. "वहिनींचा फलक जरा भरल्या अंगाचा आहे वाटतं! घरात फूटपट्टी असून ही अवस्था?"

जावयांनी लेकीकडे बघितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच. दोऱ्या सोडल्या, फलक उतरवला, घडी घातली आणि आमच्या हातात दिला. "मापात करून लावा," म्हणाले, जसं कुणालाही म्हणाले असते.

त्या दिवशी दुपारी घरी काय झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी त्यांच्यापुढे ताट आपटलं. "चार बोटं! चार बोटांसाठी बायकोला भर चौकात उघडं पाडलंत! घरी सांगता येत नव्हतं? आदल्या दिवशी कापड ह्याच टेबलावर होतं!"

"घरी मोजलं असतं तर ठेकेदारांच्याही घरी जाऊन मोजावं लागलं असतं," ते म्हणाले.

"मग जायचं! आणि माझ्या मापात चूक निघूच शकत नाही. तुमची टेप बघा आधी."

ते उठले, पोलादी टेप आणून टेबलावर ठेवली. मी गळ्यातली मोजपट्टी काढून तिच्या शेजारी ताणून धरली. आरंभ आरंभाला लावला. आणि मग टेबलाच्या त्या टोकाला बघितलं, तर माझी पट्टी एक बोट पुढे. आकडे तेच, पण पट्टी पुढे. इतकी वर्षं गळ्यात घालून, ओढून ओढून, ती ताणली होती. एका पट्टीत बोटभर, तर चार पट्ट्या लांब फलकात किती, ते हिशेब करायला मास्तर नकोत.

लेक इतका वेळ रुसून खिडकीत उभी होती. ती आली, बघितलं, आणि तोंडावर हात धरून हसायलाच लागली. "आई, म्हणून तुझा कपडा कुणाला तंग होत नाही!"

मी म्हटलं, "हसा. सैल कपडा अंगाला बरा असतो." पण चूक माझीच निघाली होती. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

जावई हसले नाहीत. उलट माझी पट्टी नीट गुंडाळून मला परत दिली आणि म्हणाले, "आई, किनार कोरी आहे. आत दुमडून टीप मारली तर अक्षराला धक्का लागणार नाही." बघा, म्हणजे शिडीवर उभं राहून, ठेकेदार हसत असताना, ह्या माणसानं किनार कोरी आहे हेही बघून ठेवलं होतं. मी मशीनवर बसले. त्यांनी पोलादी टेप लावून खुणा केल्या, मी टीप मारली. संध्याकाळी फलक पुन्हा वर चढला. त्यांनी पुन्हा सगळ्यांसमोर मोजला आणि ह्या वेळी मी खाली उभी राहून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं माप वाचलं.

पण बोलणारी तोंडं काय, मोकळीच. जिच्या नवऱ्यानंच फलक उतरवला तिला आपण कशाला निवडून द्यायचं, असा विनोद ठेकेदारांनी सगळीकडे पेरला. लेक दारोदार फिरली, दवाखान्याचं बोलली, घसा बसेपर्यंत बोलली. काही दारांत लोक त्या विनोदावर हसले. तीही हसली, पण घरी आल्यावर नाही. एक दिवस मी तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं जरा डोळे मिटले असते तर? ती माझ्यावरच उखडली. "आई, डोळे मिटणारा असता तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं का? तुला तरी आवडला असता का?"

 आवडला नसता.

निकाल लागला. हरली.

थोडक्यात हरली. तो आकडा मी तेव्हाही तोंडातून काढला नाही आणि आज सांगणारही नाही, कारण थोडक्यात हरणं हे जास्त जिव्हारी लागतं. एवढ्या मतांची माणसं तर माझ्या दुकानात एका आठवड्यात येऊन जातात. लेक निकालाच्या खोलीतून चालत घरी आली, वाटेत सगळ्यांना नमस्कार केला, ठेकेदारांचं अभिनंदन केलं, घरी येऊन साडीची पिन काढून जागेवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. रडली नाही. मी जवळ बसले, ती रडेना. जावई दारात उभे होते. ह्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं माप असतं, त्या दिवशी कशाचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मला शिडीचा आवाज आला. मी उठून बाहेर आले. जावई बूट घालत होते.

"आज राहू द्या," मी म्हटलं. "एवढं ऐका माझं. तिचा शेवटी काढा. चार दिवस दिसू दे लोकांना. एवढीसुद्धा सूट नाही का तुमच्या नियमात?"

त्यांनी बुटाची नाडी बांधली, मग वर बघितलं. डोळे लाल होते. "आई, मग मास्तरांचा मी आधी का काढला?"

 मी पुढे होऊन त्यांच्यासाठी दार उघडलं.

दाराबाहेर मास्तर उभे होते.

मास्तर, त्यांच्या मागे बेकरीवाली, हातांना पीठ तसंच. आणि पायरीच्या खाली, जरा लांब, टॅक्सीवाला. तिघांच्याही हातात कापडाचे गठ्ठे. घड्या घातलेले, चेहरा आतल्या बाजूनं. माझ्या लेकीचे गल्लीतले सगळे छोटे फलक त्यांनी उतरवून आणले होते. रस्ता अजून जागा व्हायचा होता.

मास्तरांनी आपला गठ्ठा पुढे केला. "तुमचे फलक," म्हणाले. आणि मग, गणिताचे मास्तरच ते, "मोजून घ्या."

जावई मोजणार कुठून. गठ्ठा हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी म्हटलं, या, आत या, चहा ठेवते. तर बेकरीवाली म्हणाली, "नको हो. आम्ही आत येत नाही. पाणी द्या फक्त."

मी पाणी आणलं. तिघंही उंबऱ्याबाहेर उभ्यानंच प्यायली. टॅक्सीवाला सगळ्यात शेवटी पुढे आला. खिशातून काढून त्यानं एक वीट पायरीवर ठेवली, गठ्ठ्याच्या शेजारी. एवढी वीट खिशात कशी मावली कोण जाणे. खिसा फाटला होता, ते मी बघितलं. मी म्हटलं, संध्याकाळी पँट दुकानात घेऊन या. तो हसला. मग मास्तर म्हणाले, "चौकातला मोठा आम्ही ठेवलाय. तो तुमच्या घरचा. त्याला आम्ही हात लावला नाही."

जावई शिडी घेऊन निघाले. मी मागोमाग गेले, गुडघ्यांना न विचारता. चौकात आमच्या फलकासमोरच ठेकेदारांचा फलक होता, जिंकलेला, मापातला. जावयांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याची मुदत होती. त्यांनी आमच्या दोऱ्या सोडल्या. कापड खाली आलं ते मी दोन्ही हातांवर झेललं. माझीच टीप हाताला लागली, चार बोटं आत दुमडलेली. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण आत कापड होतं, दुहेरी, घट्ट. दोघांनी मिळून घडी घातली. लेकीचा चेहरा आत गेला.

आम्ही घरी आलो. मी आत शिरले, पण मागे वळून बघते तर जावई उंबऱ्याबाहेरच थांबलेले, दोन्ही हातांवर फलक धरून. घर त्यांचं, दार त्यांचं, किल्ली त्यांच्या खिशात. तरी बाहेर.

आवाज ऐकून लेक उठून आली. केस विस्कटलेले, कालचेच कपडे. दारात उभी राहिली.

"तुमचा फलक," ते तिला म्हणाले. एरवी दोघं एकमेकांना अरे-तुरे करतात; आमच्या वेळी असं नव्हतं, पण ते जाऊ दे.

लेकीनं फलक घेतला, छातीशी धरला. मग म्हणाली, "पाणी घेता?"

"घेतो."

तिनंच पाणी आणून दिलं. ते उभ्यानं प्यायले आणि भांडं परत दिलं. वळायला हवं होतं, नेहमी वळतात. त्या दिवशी वळले नाहीत. पायातले बूट काढले, उंबरा ओलांडून आत आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. हरलेल्या घरात बाहेरच्यानं बसू नये, घरच्यानं बसावं. तेव्हा कुठे माझी लेक रडायला लागली. आणि तिच्यासोबत तेही.

मी तिथं थांबले नाही. बाजूच्या खोलीत जाऊन घरच्या मशीनवर बसले आणि मशीन चालवत राहिले, जोरात, म्हणजे त्या दोघांचा आवाज कुणाला बाहेर ऐकू जाऊ नये. सुईत दोरा नव्हता, खाली कापडही नव्हतं.

दवाखाना अजून तरी तिथेच आहे. तिची मतं बघून ठेकेदारांनी गाड्यांचा विषय पुढे ढकलला. जिंकलेला माणूस मोजतो, हेही खरं. मी नवी मोजपट्टी आणली आहे, आता माझ्या हातचे कपडे लोकांना जरा तंग होतात आणि ते कुरकुरतात. परवा दुकानात एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, मापं देता देता बोलत होतं, की ह्या गावात कुणी एक फूटपट्टी आहे म्हणे, स्वतःच्या बायकोचासुद्धा फलक उतरवला.

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हो," म्हटलं. "सगळ्यांच्या आधी उतरवला. आमचे जावई आहेत ते. हात वर करा, दंडाचं माप घेते."